ब्रेकबाईंची तोफ

बाईंना ‘ब्रेकबाई’ हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने त्यांच्या शेजारी बसून चांगलाच घाम गाळलेला असणार. बाई मोटार चालवायला शिकवायच्या. शिकवण्याच्या गाडीत जसा शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असतो तसा शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक असतो, आणि दोन्ही आतून जोडलेले; एक दाबला की दुसराही खाली जातो. बाईंचा पाय त्या ब्रेकच्या किंचित वर तरंगत असायचा. टेकवलेला कधीच नाही. पाय टेकवून बसतो तो मास्तर आळशी आणि पाय लांब ठेवतो तो मूर्ख, असं त्यांचं साधं गणित होतं. समोर एखादा सायकलवाला आडवा आला, तर शिकणारा ‘अरे बापरे’ म्हणेपर्यंत गाडी जागच्या जागी उभी. मग बाई शांतपणे म्हणायच्या, "हं. आता तो घरी जाऊन जेवेल. चला पुढे."

अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. दातांचा डॉक्टर, बेकरीवाली, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांनी बाईंच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि परवाना मिळाल्यावर त्याच शिव्यांचे गोडवे गायले होते. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही. पण गाडीत खोटं कौतुक कधी केलं नाही त्यांनी कुणाचं. हे मात्र मानलं पाहिजे.

घरात माणसं तीन. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. गावात सगळे त्याला चष्मेवालेच म्हणत. इतका मऊ माणूस की डास मारायचा तर आधी त्याला दोनदा हाकलून बघेल. आणि मुलगी म्हणजे तोफ. हे नाव खुद्द आईनेच ठेवलेलं, पोर तान्ही असताना, तिचं रडणं ऐकून. पुढे पोर वाढली तशी तोफही वाढली. ओला टॉवेल, उघडं राहिलेलं कपाट, दारातले बूट, कशावरूनही मायलेकींचं जुंपायचं. मोठ्या आवाजात, मनापासून, हातवारे करून. आणि पाच मिनिटांनी एकीच्या ताटातलं दुसरी उचलून खायची. ज्यांच्या घरी भांडणं होत नाहीत त्यांना ही गंमत कळायची नाही.

त्यातलं सगळ्यात मोठं भांडण एकच, आणि ते वर्षभर चाललेलं. तोफेला गाडी शिकायची होती आणि बाई शिकवायला तयार नव्हत्या. आपल्या रक्ताला शिकवायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नेम. "परक्याचं पोर चुकलं तर मला राग येतो," त्या म्हणायच्या, "तू चुकलीस तर मला भीती वाटेल. आणि घाबरलेला मास्तर काय कामाचा?" यावर तोफ म्हणायची, "अख्ख्या गावाला शिकवतेस आणि घरच्या पोरीला बसने पाठवतेस. लाज नाही वाटत?" बाई म्हणायच्या, "नाही वाटत." झालं, सुरू.

मग बाईंच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, बोलताना टेबलावरचं पेन सारखं इकडून तिकडे ठेवत होता. आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत पोचलाय, असं त्याने सांगितलं. औषध देऊ, पण ते बरं करणार नाही, वेळ वाढवून देईल. बाईंनी विचारलं, किती? तो म्हणाला, नक्की नाही सांगता येत, काही महिने, नशिबाने साथ दिली तर वर्ष, थोडं वरही. बाई मग म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही गाडी कुणाकडे शिकलात?" त्याने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगितलं. "वाटलंच," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. लपवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तोफेने ऐकून घेतलं. एक प्रश्न नाही विचारला. उठली आणि तिघांचे चहाचे कप विसळून पालथे घातले. बाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण त्या पोरीने जन्मात कधी आपण होऊन कप विसळला नव्हता.

त्या दिवसापासून तोफ थंड झाली. टॉवेल दोरीवर, बूट कपाटात, कपाट बंद. ‘हो आई.’ ‘चालेल आई.’ ‘तू बस ना, मी करते.’ संध्याकाळी मैत्रिणी खालून हाका मारायच्या तर वरूनच ‘आज नको’ म्हणायची आणि आईच्या पायाशी येऊन बसायची. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, किती गुणी पोरगी हो, अशी लेक मिळायला भाग्य लागतं. या आल्यागेल्यांना देवाने तोंड का दिलं आणि दिलं तर कुलूप का नाही दिलं, हे देवालाच ठाऊक.

पहिले काही दिवस बाईंनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. कुणाला नाही आवडणार? पण मग त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. घरात सगळेच जपून बोलायला लागले होते. चष्मेवाले बाजारातून येऊन सवयीने म्हणाले, "काय मरणाची गर्दी होती," आणि जीभ चावून उभे राहिले. एकदा त्यांनीच ‘मेला तो इस्त्रीवाला’ असं म्हणता म्हणता ‘मेला’ गिळला आणि नुसता ‘तो इस्त्रीवाला’ बाहेर काढला. आपल्या भाषेत साधं चिडायचं म्हटलं तरी मरणावाचून भागत नाही, हे त्या घराला तेव्हा कळलं. बाईंना हसू यायचं. पण मुलीच्या त्या गोड बोलण्याचं हसू येईना. काचेचं भांडं उचलावं तशी पोरगी आपल्याला उचलतेय, ठेवतेय. आणि स्वतः कुठे आहे? दिवस तर थोडेच उरलेत, आणि तेही या गुणी, अनोळखी मुलीबरोबर काढायचे? बाईंनी मनाशी ठरवलं, मरायच्या आधी मला माझी तोफ परत पाहिजे.

बाईंनी मग कळ काढायला सुरुवात केली. आधी भाजीत मुद्दाम मूठभर मीठ घातलं. चष्मेवाल्यांचे डोळे पाण्याने भरले, पण पोरगी म्हणाली, "छान झालीय गं." केसांवरून बोलून झालं, कपड्यांवरून झालं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी तिचे जुने लाडके बूट उचलून कचऱ्यात टाकले. पोरगी त्या डब्याकडे बघत राहिली, तिचे ओठ थरथरले, बाईंना वाटलं आता उडणार भडका. ती म्हणाली, "बरं झालं, जुनेच झाले होते."

"कशाला पोरीला छळतेस?" चष्मेवाले रात्रीचं आवरताना हळूच म्हणाले.

"मी छळत नाहीये. मी शोधतेय तिला," बाई म्हणाल्या. आणि त्यांना रडू आलं, तर चष्मेवाले त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

मग बाईंनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. आपला नेम मोडला. एका सकाळी म्हणाल्या, "चल, गाडी शिकवते तुला." त्यांना वाटलं, मोटारीत तरी ही खरी बोलेल. स्टिअरिंग हातात आलं की भल्याभल्यांचा खरा स्वभाव बाहेर येतो, मुख्याध्यापकांच्या तोंडून त्यांनी काय काय ऐकलं होतं ते सांगण्यासारखं नाही.

एक गोष्ट बाईंनी घरात कुणाला सांगितली नव्हती. औषधांनी त्यांच्या पायांना आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा. डॉक्टरने गाडी चालवू नका म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "चालवत कुठे, शिकवते." बाकीचे शिकणारे त्यांनी बंद केले होते, पण ही तर घरचीच. आणि इतक्या वर्षांची सवय, पाय आपली जागा विसरेल थोडाच?

जुन्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. पोरगी गाडी अशी हाकायची की जणू मागच्या सीटवर झोपलेलं बाळ आहे. खड्डा दिसला की थांबायची, आईकडे बघायची, मग हळूच काढायची. पण गाडी सारखी अडायची. उचलायला गेलं की बंद. चालली तर जड चालायची आणि जळका वास यायचा. बाई ओरडायच्या, "क्लच किती भसकन सोडतेस?" पोरगी म्हणायची, "चुकलं माझं." पुन्हा बंद. "चुकलं माझं, आई." बाईंना कळेना, पोरीचे हात तर हुशार आहेत, पाय असे कसे ठोंबे? मेकॅनिकला गाडी दाखवली. तो म्हणाला, गाडी ठणठणीत आहे.

आठवडाभराने बाईंनी तिला बाजाराच्या चढावर नेलं. चढावर गाडी थांबवून, मागे घरंगळू न देता परत उचलायची, ही शिकणाऱ्याची खरी परीक्षा. सिग्नलला गाडी थांबली, दिवा हिरवा झाला, पोरीने क्लच अर्धा सोडला, गाडी थरथरली आणि बंद. पुन्हा. पुन्हा बंद. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. बाईंचा पट्टा सुरू झाला. पोरगी घामाघूम होऊन म्हणत होती, "चुकलं माझं, चुकलं माझं."

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून बाईंच्या खिडकीशी आला. वयस्कर माणूस, खांद्यावर फडकं. म्हणाला, "बाई, मागचा लाल दिवा पेटलेलाच आहे. ब्रेक सोडा की. ब्रेक दाबून गाडी पुढे कशी जाईल?"

"अहो, ब्रेक कोण दाबतंय?" म्हणत बाईंनी खाली बघितलं.

त्यांचाच पाय होता. पूर्ण टेकलेला, जड, ब्रेक पार खाली दाबून बसलेला. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. पाय त्यांना दिसत होता, पण जाणवत नव्हता. ज्या पायाने निम्मं गाव सुखरूप घरी पोचवलं तो पाय परक्या माणसाचा असावा तसा तिथे पडला होता.  आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारची पोरगी दचकलेली नाही.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी वाटलं, तू मुद्दाम ठेवलायस. दुसऱ्या दिवशी कळलं. माझा ब्रेक वर यायचाच नाही." पोरगी समोर बघत हळू आवाजात बोलत होती. "तुला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं ना, पायात काही राहिलं नाहीये ते. तुला वाईट वाटलं असतं."

आता मात्र बाई खऱ्या भडकल्या. इतके दिवस चालला होता तो राग नाटकी होता. हा अस्सल होता.

"वाईट वाटलं असतं? अगं मूर्ख मुली, तू भर रस्त्यात जोरात चाललेली असताना हा पाय पडला असता तर? या मागच्या ट्रकने दोघींचा चेंदामेंदा केला असता. मला वाईट वाटू नये म्हणून तू जीव द्यायला निघालीस? आणि घरी तेच. खारट भाजी छान, बूट टाकले तर बरं झालं. माझ्या तोंडावर रोज खोटं बोलतेस. मी काय मेलेय का? अजून नाही मेले मी."

पोरीने गाडीची किल्ली मागे फिरवली. हँडब्रेक ओढला. तेवढं शिकवलेलं ती विसरली नाही.

"मग काय करू?" ती म्हणाली, आणि आवाज चढायला लागला. "भांडू तुझ्याशी? सकाळी तुला म्हटलं, डोकं नको खाऊस माझं, आणि संध्याकाळी तू नसलीस तर? मग तेच राहणार ना शेवटचं. जन्मभर मला तेच ऐकू येणार. म्हणून मी प्रत्येक वाक्य असं बोलते की ते शेवटचं ठरलं तरी चालेल. प्रत्येक वाक्य. तुला कळतंय किती त्रास होतो त्याचा? बाथरूममध्ये नळ सोडून ओरडते मी. आणि तू? तू रोज मुद्दाम कळ काढतेस. मला समजत नाही वाटतं? माझे बूट टाकलेस. ते बूट मला किती आवडायचे माहितीये तुला. किती दुष्ट बाई आहेस तू. आजारी आहेस म्हणून काय वाट्टेल ते करशील?"

तोफ कडाडली होती. हॉर्नच्या गोंगाटातही रस्त्यावर ऐकू गेलं. ट्रकवाला पुन्हा खिडकीशी आला, आत दोघी ढसाढसा रडताना बघून त्याने विचारलं, "काही मदत करू का?" दोघी एकदम म्हणाल्या, "नको." तो मुकाट्याने मागे गेला आणि रांगेतल्या गाड्यांना हात करून बाजूने काढून द्यायला लागला. चांगली माणसं असतात जगात.

"हे बघ," बाई नाक ओढत म्हणाल्या. "माझ्या आईचं मला शेवटचं वाक्य काय होतं सांगू? ‘खिडकी लाव गं, धूळ येतेय.’ मी लावली खिडकी. संपलं. आई माझ्यावर जीव टाकायची हे मला त्या वाक्यावरून कळायचं होतं का? इतकी वर्षं कळतच होतं ना? तू जन्मल्यापासून जे जे बोललीस ते सगळं माझ्यापाशी आहे. एका वाक्याने पुसलं जायला मी काय फळा आहे? शेवटचं निघेल ते निघेल. ‘टॉवेल कुठाय’ असेल. असू दे."

पोरगी हुंदके देत राहिली.

"गोड बोलायला दवाखान्यात नर्स आहे," बाई म्हणाल्या. "ती फार छान बोलते. घरी मला तू पाहिजेस. आहेत तेवढे दिवस तू."

मग त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून तो पाय उचलला आणि बाजूला ठेवला. "आता उचल गाडी." गाडी पहिल्या झटक्यात, सरळ, चढावरून वर गेली. वर पोचल्यावर बाईंनी गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि म्हणाल्या, आता मी कुणाला शिकवणार नाही, असा पाय घेऊन शेजारी बसणं म्हणजे गुन्हा आहे.  गाडी शिकवणं हे त्यांचं नुसतं काम नव्हतं, ती त्यांची ऐट होती. पोरीने त्यांचा हात घट्ट धरला, आणि पहिल्यांदाच त्यात काचेचं भांडं धरल्याची धास्ती नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना पोरगी एक घास खाऊन म्हणाली, "हे काय शिजवलंयस? घशाखाली उतरत नाही." बाई म्हणाल्या, "मग तू शिजव, हात मोडलेत का?" ती म्हणाली, "शिजवते, निदान माणसांना खाता तरी येईल." चष्मेवाले हातातला चमचा तसाच धरून आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण आयुष्याला तेवढी अक्कल नसते. महिन्याभराने तोफेने जाहीर केलं की मैत्रिणी दोन दिवस तलावाकाठी तंबू ठोकून राहणार आहेत आणि मी जाणार आहे. विचारलं नाही, सांगितलं.

"उद्या दवाखान्यात माझं औषध आहे," बाई म्हणाल्या.

"माहितीये. बाबा आहे ना."

"दर वेळी तू येतेस."

"या वेळी बाबा येईल. मला जायचंय, आई."

बाईंनी मग भांडायचं तेवढं भांडून घेतलं. आईपेक्षा तंबू मोठा का, मैत्रिणी काय पळून चालल्यात, एवढी काय नड आहे. पोरगीही मागे हटली नाही. म्हणाली, तूच म्हणालीस ना, आहे तशी राहा; मग ही मी अशी आहे. आणि सकाळी पाठीवर पिशवी टाकून, दार धाडकन ओढून निघून गेली.

दवाखान्यात बाई खुर्चीत बसल्या होत्या. हाताला नळी लावलेली, औषध थेंबाथेंबाने उतरत होतं, पोटात मळमळत होतं. शेजारच्या स्टुलावर चष्मेवाले. 

"राहिली असती घरी तर काय बिघडलं असतं?" बाई एकदम म्हणाल्या.

"तुलाच भांडणारी हवी होती," चष्मेवाले जपून म्हणाले.

"म्हणून काय खरंच जायचं?"

 बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मी गॅलरीत उभी होते, अहो. ती कोपऱ्यापर्यंत गेली. ती एक कुरळ्या केसांची आहे ना, ती काहीतरी म्हणाली, तर ही केवढ्याने हसली. वरपर्यंत ऐकू आलं मला. आणि वळून गेली. मागे बघितलं नाही तिने."

"अगं, गडबडीत विसरली असेल."

"विसरू दे ना." बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते पुसायला मोकळा हात होता तरी त्यांनी पुसलं नाही. "मला रोज वाटायचं, मी गेल्यावर ही पोरगी दारातच बसून राहील. बसणार नाही, अहो. रडेल, मग पिशवी उचलेल आणि जाईल. हसत जाईल. मरणाऱ्या आईला हे कुठे बघायला मिळतं? मी बघितलं. आज सकाळी गॅलरीतून बघितलं मी."

चष्मेवाल्यांनी खिशातला रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. "किती मळका आहे हा," बाई म्हणाल्या, आणि त्यालाच नाक पुसलं.